हरवण्याचा तास

फोन वहिनीचा, मिलिंददादाच्या बायकोचा, होता आणि मी सिंगापूरच्या रॅफल्स प्लेस मेट्रोच्या प्लॅटफॉर्मवर उभी होते. वहिनी ऑफिसच्या वेळात कधी फोन करत नाही, त्यामुळे स्क्रीनवर तिचं नाव पाहिलं आणि रांगेतून बाजूला होऊन फोन घेतला. "मिलिंद गेला गं," एवढंच ती म्हणाली... समोर एक गाडी आली, दारं उघडली, बंद झाली, गाडी गेली. आंग मो किओच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये, वर्कशॉपच्या कडेला ठेवलेल्या खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला होता. अँब्युलन्स येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. खरं तेच लिहायचं तर ते ऐकून माझ्या मनात पहिला विचार आला तो मिलिंददादाचा नव्हताच, माझ्या मुलीचा होता. सई तिकडे जर्मनीत एकटी आहे, आणि ज्याच्या भरवशावर मी तिला पाठवलं तो माणूस आता नाही... रडू त्यानंतर आलं, पुढच्या गाडीत, उभ्या उभ्या. या शहरात गाडीत रडणाऱ्या बाईकडे कोणी बघत नाही, हे मात्र त्या दिवशी बरंच वाटलं.

मिलिंददादा माझ्या थोरल्या मावशीचा मुलगा. आमचं सगळं घराणं बँकेतलं; मावसा बँकेत, माझे बाबा बँकेत, आणि मी इतका लांबचा प्रवास करून सिंगापूरला आले तीही बँकेतच. दादाने मात्र बारावीनंतर पिंपरीतल्या एका युरोपीय कंपनीच्या शिकाऊ कामगारांच्या शाळेत नाव घातलं. मार्क चांगले होते, इंजिनिअरिंगला सहज गेला असता. मावशी कितीतरी दिवस शेजाऱ्यापाजाऱ्यांना "मिलिंद कंपनीत आहे" असं मोघम सांगत असे, आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहाला उठत असे. मी तेव्हा शाळेत होते. सुट्टीत मावशीकडे गेले की दादाच्या हातांना लोखंडाचा वास यायचा, आणि तो मला सांगायचा की पहिले कित्येक आठवडे त्यांना मशीनला हातसुद्धा लावू देत नाहीत. एक कानस आणि एक लोखंडाचा ठोकळा देतात आणि सांगतात, हा सपाट कर. मग मास्तर येतो, ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावतो, उजेडासमोर धरतो. मधून उजेडाची रेघ दिसली की पुन्हा घास. "एवढंच?" मी विचारायचे. "एवढंच," तो म्हणायचा. मला ते शिक्षा केल्यासारखं वाटायचं. त्याला मात्र मनापासून आवडायचं, आणि घरात कोणालाच ते कळलं नाही.

त्या शाळेतून दर वर्षी दोघा-तिघांना कंपनीच्या मूळ गावी सहा महिने शिकायला पाठवायचे. दादाची निवड झाली तेव्हा मावशीची मान एकदम ताठ झाली. परदेश म्हटल्यावर कानस-हातोडी सगळं माफ. तिथे पोहोचतानाच त्याची जी फजिती झाली ती तो जन्मभर सांगत आला. तिकडे काही गाड्या वाटेत एखाद्या जंक्शनला दोन तुकड्यांत तुटतात. पुढचे डबे एका गावाला जातात, मागचे भलत्याच. पुण्याच्या मुलाला हे स्वप्नातही माहीत नव्हतं. आपली गाडी बरोबर आहे, तिकीट बरोबर आहे, मग डबा चुकीचा कसा असेल? तो निवांत मागच्या डब्यात बसून राहिला आणि कुठल्यातरी डोंगरातल्या छोट्या स्टेशनवर उतरला, जिथे त्याला घ्यायला कोणीच आलं नव्हतं. बर्फ पडत होतं. जर्मन त्याला येत होतं, पण ते पिंपरीच्या शाळेतलं जर्मन. लेथ, कानस, माप, मिलिमीटर, सगळं येत होतं, फक्त "मी हरवलोय, मला मदत करा" हे येत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर येत असतं तरी त्याने म्हटलं नसतं. आपल्याला कोणाला काही विचारायचं म्हणजे कमीपणा वाटतो ना... दुपारपासून संध्याकाळपर्यंत तो त्या बाकावर आपण कोणाची तरी वाट बघतोय असा चेहरा करून बसून राहिला. शेवटी स्टेशन झाडणाऱ्या बाईने त्याच्या निळ्या पडलेल्या हातात स्वतःच्या थर्मासमधली कॉफी ठेवली आणि स्टेशनमास्तरला हाक मारली. ही गोष्ट सांगताना सगळे हसायचे, दादाही हसायचा. पण बाकावरच्या त्या तासांचा भाग आला की त्याचा आवाज जरा खाली जायचा, हे माझ्या लक्षात यायचं.

सिंगापूरला तो माझ्या खूप आधी आला. आंग मो किओमध्ये अशाच एका युरोपीय कंपनीत लागला, आणि पुढे तिथल्या ट्रेनिंग सेंटरचा प्रमुख झाला. पॉलिटेक्निकची मुलं अर्धा आठवडा कॉलेजात, अर्धा आठवडा दादाच्या वर्कशॉपमध्ये. त्यातली निवडक मुलं काही महिन्यांसाठी जर्मनीतल्या, ऑस्ट्रियातल्या छोट्या छोट्या कारखान्यांत जायची, आणि तिकडची मुलं इकडे यायची. तिकडच्यांना तो हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, नेऊन तिखटाने डोळ्यांतून पाणी काढायचा. इकडच्यांसाठी मात्र त्याचा एक खास तास असे. अभ्यासक्रमात तो कुठेच नव्हता. जायच्या आधी एका शनिवारी तो मुलांना बेटाच्या एखाद्या अनोळखी टोकाला घेऊन जायचा, सगळ्यांचे फोन आणि प्रवासाची कार्डं एका पिशवीत गोळा करायचा आणि म्हणायचा, आता आंग मो किओला परत या. अट एकच: वाटेत तीन परक्या माणसांना "मी हरवलोय, मदत करा" असं म्हणायचं, नुसत्या पाट्या वाचून आलात तर पुन्हा पाठवीन. तेच वाक्य तो त्यांच्याकडून जर्मनमध्येही घोटून घ्यायचा. सिंगापूरमध्ये हरवणं फार अवघड आहे, पाट्याच इतक्या. पण परक्याशी बोलणं त्याहून अवघड. लेथवर न घाबरणारी मुलं त्या तासाला घामाघूम व्हायची.

सईच्या वेळी त्या शनिवारी मीही गेले होते. म्हणजे, मला कोणी बोलावलं नव्हतं. मी टॅक्सीने मागे गेले आणि एका इमारतीच्या खालच्या मोकळ्या जागेत खांबाआड उभी राहिले. हसा खुशाल. माझी मुलगी, फोन नाही, कार्ड नाही, आणि समोर तिला मुद्दाम हरवणारा माझा सख्ख्यासारखा भाऊ! ती बराच वेळ बस स्टॉपवर नुसती उभी होती. एका आजोबांच्या जवळ गेली, परत आली. पुन्हा गेली. शेवटी काहीतरी बोलली, आणि ते आजोबा भाजीची पिशवी सांभाळत तिला थेट पुढच्या रस्त्यापर्यंत सोडायला निघाले. माझ्या जिवात जीव आला तेवढ्यात मागून आवाज आला, "तुला पण सोडू का गं स्टेशनपर्यंत?" दादा कोपऱ्यावरच्या कोपीटियाममध्ये, म्हणजे चहा-कॉफीच्या साध्या हॉटेलात, कॉफी घेऊन बसला होता, मला पहिल्यापासून बघत. मी चिडून म्हटलं, "तुला काळजी कशी वाटत नाही रे?" तो म्हणाला, "मी काय आई आहे?" आणि मला त्याचा इतका राग आला की मी कॉफीही प्यायले नाही.

सईचं असं झालं होतं की ओ लेव्हलला, म्हणजे इथल्या दहावीला, मार्क उत्तम पडूनही तिने ज्युनिअर कॉलेज नाकारलं आणि पॉलिटेक्निकला मशीनची शाखा घेतली. आमच्या ओळखीतली सगळी मुलं कायदा, मेडिसिन, फायनान्सकडे. मी मावशीसारखी मोघम उत्तरं देऊ लागले आहे हे मला कळत होतं, आणि ते कळत असल्यामुळे जास्त चिडचिड होत होती. पण माझी खरी भीती प्रतिष्ठेची नव्हती. माझी भीती मशीनचीच होती. फिरत्या लेथमध्ये केस अडकतात, बाही अडकते, असं मी कधीतरी वाचलं होतं आणि ते डोक्यातून जाईना. सईची वेणी कमरेपर्यंत. मी तिच्या मागे लागून लागून ती कापायला लावली, आणि नंतर कापलेल्या केसांकडे बघून मीच रडले. त्यात दहा महिने जर्मनीत, एका छोट्या गावात, एका वयस्क बाईच्या घरात भाड्याने खोली... मी नाही म्हणणार होते. दादा घरी आला, सोफ्यावर बसला आणि म्हणाला, "तिला काही झालं तर मला विचार. मी आहे ना." या दोन वाक्यांवर मी सही केली. त्यानंतर ती गेल्यापासून रोज सकाळी मी तिकडचं हवामान बघत होते, तिकडच्या अपघातांच्या बातम्या भाषांतर करून वाचत होते, आणि आठवड्यातून एकदा तरी मनात म्हणत होते, फोन येऊ दे आणि ती म्हणू दे, आई, मला घरी यायचंय.

दादा गेला त्या दिवशी ती ते म्हणाली.

सईला मीच कळवायचं होतं. पण तिकडे सकाळ होती, आणि वर्कशॉपमध्ये जाताना मुलं फोन कुलपात ठेवून जातात. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिला कळवायचा मार्ग नव्हता, आणि कारखान्यात फोन करून तिला मशीनवरून उठवायची माझी हिंमत नव्हती. तशीच रडत पुन्हा मशीनवर गेली तर? तोवर मी हौगांगला वहिनीकडे पोहोचले होते. लोक येत होते, कोणी खुर्च्या मांडत होतं, वहिनी सगळ्यांना पाणी दिलं का विचारत होती, आणि मी घड्याळाकडे बघत बाल्कनीत उभी होते. सुट्टी झाली. मी फोन लावून सांगितलं. पलीकडे मागे मुलांच्या हसण्याचा, ताटांचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "आई, आय ॲम कमिंग होम." इतके महिने ज्या वाक्याची वाट बघितली ते हेच.

त्याच आठवड्यात तिची प्रॅक्टिकल परीक्षा होती. इतक्या महिन्यांचं शिक्षण त्या परीक्षेवर तोललं जाणार होतं. ती चुकली की मधेच सोडून आली असंच धरलं जाणार. अंत्यसंस्कार दुसऱ्या दिवशी होते, ती काही केल्या पोहोचली नसती. हे सगळं नंतर सुचलेलं. त्या क्षणी यातलं काही डोक्यात नव्हतं. माझा नवरा शेजारून खुणा करत होता, येऊ दे तिला, येऊ दे. आणि माझ्या तोंडून निघालं, "येऊ नकोस."

"यू नेव्हर वॉन्टेड मी टू गो," सई म्हणाली. "नाऊ यू डोंट वॉन्ट मी टू कम बॅक? व्हॉट इज धिस, आई?"

ती एकटी, रडत, दहा ठिकाणी गाड्या बदलाव्या लागणाऱ्या त्या प्रवासाला निघाली तर काय होईल याचीच मला भीती वाटली असेल. किंवा दादाने जे उभं केलं ते त्याच्या जाण्यानेच मोडू नये असंही वाटलं असेल. मी फक्त पुन्हा म्हटलं, "परीक्षा दे. येऊ नकोस." तिने फोन ठेवला. नंतर तो लागेना. मेसेज जात होते, वाचले जात नव्हते. त्या रात्रीबद्दल मी लिहीत नाही, ज्यांची मुलं लांब आहेत त्यांना ती माहीत आहे. एकीकडे दादा शांत पडलेला, आणि मी त्याच्याशीच मनातल्या मनात भांडत होते, की तू म्हणाला होतास, तिला काही झालं तर मला विचार... आता कोणाला विचारू?

दुसऱ्या दिवशी आम्ही स्मशानातून परत येत असताना सईचा फोन आला. आवाज बसलेला होता. कामावरून ती खोलीवर गेली, म्हणाली, बॅग काढली, भरली. मग बॅगेवर बसून राहिली. तिकीट कसं काढायचं, कोणती गाडी, काहीच सुचेना. फोन बंद करून टाकला कारण माझा नंबर बघून राग येत होता. किती वेळ बसली कोण जाणे. शेवटी उठून तिने खाली घरमालकीण आजींचं दार वाजवलं. इतक्या महिन्यांत गुड मॉर्निंग आणि कचऱ्याच्या डब्यांपलीकडे त्यांच्याशी ती बोलली नव्हती. आजींनी दार उघडलं आणि सईला मामा, मृत्यू, परीक्षा, आई, यातलं काहीएक जर्मनमध्ये सांगता येईना. तिच्या तोंडून एकच वाक्य बाहेर पडलं, मामाने घोटून घेतलेलं... मी हरवलेय, मला मदत करा. घरातच उभी राहून! आजींनी तिला आत घेतलं, स्वयंपाकघरात बसवलं, सूप गरम केलं. मग मोडक्यातोडक्या शब्दांत तिने मामाचं सांगितलं. सकाळी आजी तिच्याबरोबर कारखान्यापर्यंत चालत गेल्या आणि तिथल्या मास्तरांना काय झालंय ते त्यांनीच सांगितलं. मास्तर म्हणाले, आज मशीन नको, आज कानस घे. "सो आय फाइल्ड द होल मॉर्निंग," सई म्हणाली. "आय ॲम स्टेइंग. पण मी तुझ्यावर रागावलेय, ओके?" मी म्हटलं, रागाव. हवं तेवढं रागाव.

परीक्षा तिने दिली आणि पास झाली. पण हे 'शेवट गोड' म्हणून लिहीत नाही, कारण मला अजून माहीत नाही मी बरोबर केलं का. मामाला शेवटचं बघितलं नाही हे ती कधीतरी मला बोलून दाखवेल. ती अजून फोनवर पहिल्यासारखी बडबडत नाही.

मागच्या शनिवारी वहिनीने मला मदतीला बोलावलं. म्हणाली, कोट काढायचेत. मला वाटलं, दादाचे कपडे कोणाला द्यायचे असतील. तिने स्वयंपाकघराजवळच्या बॉम्ब शेल्टरचं ते जाड लोखंडी दार उघडलं. सिंगापूरच्या घरांत अशी खोली असतेच, आणि तिच्यात तांदूळ, सूटकेसेस, जुने पंखे असतात. इथे भिंतीपासून भिंतीपर्यंत एका दांडीवर हिवाळी कोट लटकलेले होते. काळे, निळे, एक भडक पिवळा, लहान, मोठे. खाली हवेतला दमटपणा ओढून घेणारं यंत्र घरघरत होतं. मुलांच्या आईवडिलांनी इतक्या महागाचे कोट एका हिवाळ्यासाठी कशाला घ्यायचे, म्हणून दादा हे गोळा करायचा. जाणारं मूल कोट घेऊन जायचं, येणारं धुऊन आणून लावायचं. सई निघाली तेव्हा दादाने तिला कोट दिला होता, तो मी विकतचाच समजले होते. "दर रविवारी एकेक काढून बुरशी बघायचा," वहिनी म्हणाली. "अस्तर, चेन, खिसे, सगळं. आणि पोरं विमानात बसली की याला दोन दिवस अन्न जायचं नाही. ॲसिडिटी आहे म्हणायचा. कसली ॲसिडिटी... पोरं पोहोचल्याचा मेसेज आला की लगेच भूक लागायची." मी त्या कोटांमध्ये उभी राहून एका बाहीला तोंड पुसलं. इतकी वर्षं या माणसाला काळजीच वाटत नाही म्हणून मी त्याच्यावर चिडत होते.

दुपारी पुढच्या तुकडीची मुलं आली. येऊ नका असं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. ती दारात चपला काढून उभी राहिली. वहिनीने आणि मी एकेकाला कोट घालून बघितले, खांदे ओढून, बाह्या मोजून. हौगांगच्या त्या उकाड्यात ती गळ्यापर्यंत चेन लावून घाम गाळत उभी होती आणि एकानेही कोट पटकन काढला नाही. एका मुलीबरोबर तिची आई आली होती, शेजारच्याच इमारतीत राहणारी. तिने मुलीच्या कोटाचं अस्तर उलटून बघितलं, शिवण ओढून बघितली, कॉलरचा वास घेतला, बाजारात मासे निवडावेत तशी. मग मला बाजूला घेऊन विचारलं, "युवर डॉटर ऑल्सो देअर, हा? हाऊ लाँग देन नॉट स्केअर्ड एनिमोर?"

मला काहीतरी बरं बोलता आलं असतं. "स्टिल स्केअर्ड," मी म्हटलं. "एव्हरी डे." तिने मान डोलावली, जणू तिला हवं होतं तेच उत्तर मिळालं. जाताना तिने माझा नंबर मागून घेतला.

परवा ऑफिसमध्ये त्या आईचा फोन आला. "रीच्ड ऑलरेडी," तिने मुलीचं कळवलं. मी विचारलं, काही खाल्लं का तिने? हे त्या आईने विचारलंच नव्हतं. मग तिने घरातल्या दुसऱ्या फोनवरून मुलीला फोन लावला, आणि मीटिंगला उशीर होत असताना मी रिसीव्हरसारखा मोबाइल दोन्ही हातांत धरून, ती विचारून येईपर्यंत थांबून राहिले.